स्पिन १/२ असताना रेषीय स्पिनलहरींवर किती विसंबायचं?

मॅग्नॉनमित्र: न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा (चुंबकीय पदार्थावर न्यूट्रॉन आदळवून केलेल्या मोजणीचा) डेटा हाती आला की स्पिनडब्ल्यू किंवा सनी ही संगणक प्रणाली उघडायची, रेषीय स्पिनलहर सिद्धांत (स्पिनच्या लहरी एकमेकींवर परिणाम करत नाहीत असं मानणारा) लावायचा आणि लहरींच्या ऊर्जेचा वक्र जुळला की विनिमय स्थिरांक ‘जे’, म्हणजे स्पिनमधल्या जोडणीची ताकद, जाहीर करून मोकळं व्हायचं. स्पिन १/२ च्या प्रतिलोहचुंबकांत (शेजारचे स्पिन उलट दिशांना असलेल्या पदार्थांत) हे मला मुळातच चूक वाटतं. होल्स्टाइन-प्रिमाकॉफ (१९४०) विस्ताराची पहिलीच पायरी आपण ठेवतो, आणि एवढ्या लहान स्पिनला पुढच्या पायऱ्या नगण्य नसतात. एकमितीय साखळीत खरी ऊर्जा रेषीय अंदाजाच्या सुमारे १.५७ पट असते, हे १९६२ पासून माहीत आहे. चौरस जालिकेत (अणूंच्या चौकोनी मांडणीत) ती सुमारे १८ टक्क्यांनी जास्त. म्हणजे वक्र तंतोतंत बसला तरी ‘जे’ फुगलेलाच.

जालिका: असहमत. पर्याय काय आहे? अचूक विकर्णीकरणात (सगळ्या अवस्था धरून थेट उत्तर काढताना) ४० स्पिन घेतले की अवस्था एक लाख कोटींच्या वर जातात, आणि एवढ्याशा तुकड्यातून तरंगसदिशाचे (लहरीची दिशा आणि लांबी सांगणाऱ्या राशीचे) मोजकेच बिंदू मिळतात. क्वांटम मॉन्टे कार्लोला (यादृच्छिक नमुन्यांवर चालणाऱ्या गणनेला) विफलित जालिकेत, म्हणजे सगळ्या जोडण्या एकाच वेळी समाधानी होऊ शकत नाहीत तिथे, चिन्हसमस्या आडवी येते: धन-ऋण पदं एकमेकांना खोडतात आणि उत्तर गोंगाटात हरवतं. वक्र जुळवायला तर तीच गणना शेकडो वेळा लागते. रेषीय पद्धतीत ती काही सेकंदांत होते. शिवाय जाणकार दुरुस्ती करतातच! लँथॅनम क्युप्रेट या चौरस जालिकेच्या तांबे-ऑक्साइडच्या २००१ च्या विश्लेषणात १.१८ हा गुणक धरलेला आहे.

सीमाक्षेत्र: सगळे स्पिन एका दिशेला वळतील एवढं चुंबकीय क्षेत्र लावून मोजा. तिथे क्वांटम चढउतार दबतात, रेषीय उत्तर जवळजवळ अचूक ठरतं. सीझियम कॉपर क्लोराइडमध्ये सुमारे ८.५ टेस्लापलीकडे असं मोजलं, ‘जे’ ०.३७४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट आला. शून्य क्षेत्रातला वक्र त्याच्या १.६३ पट दाखवत होता.

मॅग्नॉनमित्र: सीमाक्षेत्र, उदाहरण नेमकं दिलंत. पण क्युप्रेटला त्यासाठी हजारो टेस्ला लागतील. जालिका, गुणकाने उंची सुधारते, आकार नाही. चौरस जालिकेच्या ब्रिल्वाँ क्षेत्राच्या (तरंगसदिशांच्या मूळ पट्ट्याच्या) सीमेवर रेषीय वक्र सपाट असतो. कॉपर फॉर्मेट या चौरस जालिकेच्या पदार्थात मात्र त्या सीमेवरच्या (π, ०) या बिंदूपाशी ऊर्जा सहा-सात टक्के खाली उतरते. हा निव्वळ क्वांटम परिणाम. तो रेषीय पद्धतीने जुळवायला गेलात तर कर्णाच्या दिशेने अस्तित्वातच नसलेली जोडणी हाती येईल.

जालिका: हे मान्य, तिथे आकारासाठी जड गणना हवीच. पण मँगनीज फ्लोराइडसारख्या स्पिन ५/२ च्या पदार्थाला हाच नियम लावू नका. तिथे रेषीय पद्धत चोख चालते.