मोठं माणूस हरवलं की "आपणहून गेलं"च कसं ठरतं?

माशेलची सून:
काल इथे एकाने लिहिलं, "अठरा वर्षांवरचा माणूस घर सोडून गेला तर तो त्याचा हक्क, पोलिसांनी चोर पकडायचे की लोकांचे म्हातारे शोधत फिरायचं?" आणि त्याला लाइक पण बऱ्यापैकी पडलेत. अहो, हक्क कोणाचा? ज्याला आपला वाडाच आठवत नाही त्याचा? माझे चुलत सासरे दुपारी चहा घेऊन बाहेर पडले ते अजून आलेले नाहीत. पोलिसांचा पहिला प्रश्न काय, तर घरात भांडण झालेलं का, आणि मग "चोवीस तास थांबा, येतील". चोवीस तासांचा असा नियम कायद्यात कुठेच नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ! लहान मूल असेल तर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय की अपहरण धरून एफआयआर घ्या. मोठ्या माणसाची नुसती 'मिसिंग'ची नोंद, एक फोटो, की झालं काम.

फोंडेकर:
तो "एक" मीच. आणि हक्क आहेच. बावीस वर्षांची पोरगी नको असलेल्या लग्नातून पळाली तर पोलिसांनी तिला धरून घरी आणायची का? तक्रार द्यायला येणारे आईबाप पण रडतच येतात. तुमच्या सासऱ्यांचं वाईट वाटलं, पण एका केसवरून सगळ्यांना नियम लावू नका.

शिरोडकरीण:
"पळाली असेल" हे आमच्या गोव्यातल्या शिरोड्यात येऊन बोला. बायकांचे खून करणारा महानंद नाईक २००९ मध्ये पकडला गेला, पहिला खून १९९४ चा. गरीब घरच्या, लग्न न जुळलेल्या पोरी, लग्नाच्या आशेने अंगावर सोनं घालून गेलेल्या, त्यांच्याच ओढणीने गळा आवळला. १६ खुनांचे आरोप. इतकी वर्षं लोक काय समजत होते, तर गेली असेल कोणाबरोबर.

फोंडेकर:
ते वेगळं हो, तो सिरीयल किलर होता.

शिरोडकरीण:
ते पकडल्यावर कळलं ना?

मडगाव लोकल:
मुद्दा राहू दे, शोधणार कशाने? आमच्या नाक्यावरचा कॅमेरा कधीपासून झाडाकडे तोंड करून आहे, पण दंडाची चलनं मात्र घरपोच येतात.

पेडण्याचा बाब:
मी सरळ बोलतो, राग नको. विसरभोळं माणूस घरात असेल तर दाराला बाहेरून कडी घालायची. आम्ही आजीला घातली. ती तरी घरात आहे.

माशेलची सून:
म्हणजे आमचंच चुकलं? कोंडून ठेवायला माणूस आहे की गुरं?

पेडण्याचा बाब:
तुम्ही गुरं म्हणालात, मी नाही.

बांबोळीला ड्युटी:
बाब, आत आग लागली तर? आणि कडी घातली की माणूस जास्त बिथरतो, हे हॉस्पिटलात रोज बघते. शर्टाच्या आतून फोन नंबर शिवा, अलीकडचा फोटो ठेवा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. आणि फोंडेकर, मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १०० वाचा. मानसिक आजार असलेला माणूस रस्त्यावर भटकताना सापडला तर मिसिंगचा एफआयआर घेऊन घरचे शोधणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. उपकार नाही.

सत्तरीचा:
माझा मोठा भाऊ पण हरवलाय. स्किझोफ्रेनिया, गोळ्या सोडल्या होत्या. थिवीहून रेल्वेत बसला असं कोणीतरी सांगितलं, मुंबईकडे की मंगळूरकडे ते नाही. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणाऱ्या कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनला, मॅगसेसे पुरस्कारवाल्या डॉ. भरत वाटवानींच्या, फोटो पाठवला. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) शवागारात पण जाऊन आलो, ते लिहवत नाही. वहिनीला जमिनीचा तुकडा विकून कर्ज फेडायचंय, पण आपल्या गोव्यात नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. मेला असं धरायला सात वर्षं काही खबर नको. तोवर ती कोण? हक्कवाल्यांनी सांगावं.

फोंडेकर:
बरं बाबा, म्हाताऱ्या नि आजारी माणसांसाठी लगेच एफआयआर घ्या, जिंकलात तुम्ही सगळे. पण सज्ञान पोरीचा पत्ता बापाच्या हातात द्यायचा नाही, हेही लिहून घ्या.

शिरोडकरीण:
पत्ता मागितला कोणी? शोधा, तिचा जबाब घ्या, जिवंत आहे एवढं घरी कळवा. न शोधताच "मर्जीने गेली" कसं कळतं तुम्हाला?

पेडण्याचा बाब:
कडीवर सगळे तुटून पडले, पण रात्री आजीजवळ जागायला एकही आला नाही. कडी राहणार.