व्हीसेंटरमधून हवी ती माहिती: स्वतःची स्क्रिप्ट की तयार साधन?

मूळ मांडणी

व्हीसेंटरमध्ये (व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन-प्रणालीत) शेकडो व्हीएम, म्हणजे सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक, सांभाळताना काही प्रश्न वारंवार समोर येतात आणि त्यांची उत्तरे तयार अहवालांत बहुधा सापडत नाहीत. एखादी व्हीएम कोणत्या विभागाची आहे, तिच्यावरचा स्नॅपशॉट (एका क्षणीची जतन केलेली स्थिती) किती तासांचा झाला आणि तिच्या डिस्कवर प्रत्यक्ष किती जागा वापरली गेली, हे सारे एकाच ओळीत हवे असेल, तर पॉवरसीएलआयमध्ये (व्हीसेंटरला आज्ञा देण्याच्या व्हीएमवेअरच्या साधनात) स्वतःची स्क्रिप्ट लिहावी, असे माझे ठाम मत आहे. विभागाचे नाव कस्टम अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (व्हीएमला जोडता येणाऱ्या आपल्या रकान्यात) भरून ठेवावे आणि रोज पहाटे स्क्रिप्टने ते उचलून सीएसव्ही फाइल तयार करावी. एकच स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ही व्हीएमवेअरचीच शिफारस आहे. पण माझा अनुभव असा, की मर्यादा कोणी ओलांडली हे विभागाच्या नावासह समोर येईपर्यंत कोणीही जुना स्नॅपशॉट काढून टाकत नाही.

प्रतिसाद १ (विरोधी)

यादीपुरती स्क्रिप्ट मला मान्य आहे. कामगिरीची आकडेवारी स्क्रिप्टने गोळा करण्यास मात्र माझा विरोध आहे, आणि तो सीपीयू रेडी या आकड्यामुळे आहे. प्रोसेसर मिळण्याची वाट पाहण्यात व्हीएमचा किती वेळ गेला, हे व्हीसेंटर मिलिसेकंदांच्या बेरजेत सांगते. रिअल-टाइम नमुना २० सेकंदांचा असतो, म्हणून ती बेरीज २०,००० ने भागून टक्केवारी काढतात. हे नमुने साधारण तासभरच टिकतात. त्याआधीचा काळ मागितला की ५ मिनिटांचे नमुने हाती येतात आणि तेव्हा भाजक ३,००,००० लागतो. आमच्या एका सहकाऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये भाजक जुनाच राहिला, सारे आकडे १५ पट फुगले, ९,००० मिलिसेकंदांचे ३ टक्के अहवालात ४५ टक्के दिसले, आणि उत्तम चालणाऱ्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवर) हलवल्या गेल्या. एकाहून अधिक व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर) असतील, तर एकत्रित आकडा त्या संख्येनेही भागावा लागतो, हेही बरेच जण विसरतात.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

चूक गंभीर आहे, पण ती टाळता येण्याजोगी होती. गेट-स्टॅटमधून (पॉवरसीएलआयच्या आकडेवारी आणणाऱ्या आज्ञेतून) येणाऱ्या प्रत्येक नमुन्यासोबत त्याचा कालावधी सेकंदांत मिळतो. भाजक त्यावरूनच काढला, तर हाताने आकडा लिहिण्याची गरज उरत नाही. शिवाय आपल्या सहकाऱ्याची चूक सापडली, ती स्क्रिप्ट उघडून वाचता आली म्हणूनच. बंदिस्त साधनातले सूत्र चुकले असते, तर आपण ते कुठे पाहिले असते?

प्रतिसाद २

माझी हरकत आपणा दोघांहून वेगळी आहे. डिस्कच्या आतली मोकळी जागा व्हीएमवेअर टूल्सकडून (व्हीएमच्या आत बसवलेल्या सहायक सॉफ्टवेअरकडून) कळते. टूल्स चालू नसतील, तर तो रकाना रिकामाच येतो. अनेक स्क्रिप्ट त्या रिकाम्या जागी शून्य भरतात, आणि मग 'माहिती नाही' याचा अर्थ 'डिस्क भरली' असा होऊन बसतो. थिन डिस्कचाही (लागेल तशी जागा घेत वाढणाऱ्या डिस्कचाही) असाच घोळ आहे: आतल्या फाइल पुसल्या, तरी डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइल जिथे असतात त्या साठ्यावर) तिने घेतलेली जागा आपोआप तेवढीच कमी होते असे नाही, म्हणून आतला वापर आणि बाहेरचा वापर असे दोन रकाने ठेवले पाहिजेत. इनव्होक-व्हीएमस्क्रिप्ट या पॉवरसीएलआय आज्ञेने प्रत्येक व्हीएमच्या आत आज्ञा चालवून माहिती काढण्यास तर माझा पूर्ण विरोध आहे, कारण त्यासाठी आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे लॉगिन स्क्रिप्टच्या हाती द्यावे लागते. व्हीसेंटरकडून माहिती घ्यायला केवळ वाचनाची परवानगी असलेले खाते पुरते. गेट-व्ह्यू या माहिती आणणाऱ्या आज्ञेमध्ये लागतील तेवढेच गुणधर्म मागितले, तर व्हीसेंटरवरचा भारही कमी राहतो.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे प्रत्युत्तर

कालावधी नमुन्यातूनच घ्यावा, हे मी मान्य करतो. तरीही टक्केवारीशेजारी मूळ मिलिसेकंद आणि कालावधी हे दोन्ही रकाने फाइलमध्ये असावेत, आणि पहिला अहवाल बाहेर जाण्यापूर्वी स्क्रिप्ट न लिहिलेल्या माणसाने निदान एका व्हीएमचे आकडे व्हीसेंटरच्या आलेखाशी ताडून पाहावेत. एवढे झाल्याखेरीज अशा आकड्यांवरून व्हीएम हलवण्याच्या निर्णयाला मी संमती देणार नाही.