रक्त परत आल्यावरच लिव्हर जास्त का बिघडतं?

अवलिया७: एम.फार्म.च्या सेमिनारला विषय घेतलाय, लिव्हरची इस्केमिया-रिपर्फ्युजन इंज्युरी (रक्त बंद पडून परत सुरू झाल्यावर होणारी इजा) आणि वनस्पतींमधले घटक. पण सुरुवातीलाच अडकलोय राव. रक्त बंद असताना पेशी मरतात हे कळतं, पण ऑक्सिजन परत आला की सुटका व्हायला हवी ना? आणि करक्युमिन (हळदीतलं), सिलिमारिन (मिल्क थिसल या झाडातलं), क्वेर्सेटिन (कांद्या-सफरचंदातलं), कुठलाही पेपर उघडा, लिव्हर वाचलेलंच असतं, इतकं सोपंय का हे?

रात्रपाळी: सुटका कसली, खरा घोळ तेव्हाच. रक्त बंद असताना एटीपी (पेशीचं इंधन) संपतं आणि मायटोकॉन्ड्रियात (पेशीचं ऊर्जाकेंद्र) सक्सिनेट नावाचा पदार्थ साठत जातं, मग ऑक्सिजन आला रे आला की ते भराभर वापरलं जातं, कॉम्प्लेक्स १ (तिथल्या ऊर्जासाखळीतलं पहिलं प्रथिन) मधून इलेक्ट्रॉन उलटे फिरतात आणि सुपरऑक्साइड हा घातक रॅडिकल तयार होतो. हे पहिल्या काही मिनिटांत. मग कुफर पेशी (लिव्हरमधल्या संरक्षक पेशी) खवळतात, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशी) जमतात, ती दुसरी लाट काही तासांनी, एएलटी-एएसटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) चढतात ते त्यात.
आणि हे घटक म्हणजे रॅडिकल टिपणारे स्पंज असं लिहू नकोस हं, बरंचसं काम एनआरएफ२ (पेशीतल्या संरक्षक जीन्सचं बटण) जागं करून होतं, मग पेशीच हीम ऑक्सिजनेज-१ वगैरे संरक्षक एन्झाइम्स बनवते. त्याला वेळ लागतो, म्हणून बहुतेक प्रयोगांत डोस आधीच देतात.

खलबत्ता: +१, आणि पेपरांची गोम इथेच आहे. धडधाकट उंदीर, ७० टक्के लिव्हरला तासभर क्लॅम्प, डोस आधी, मग रिझल्ट छान येणारच की! माणसात सर्जन ऑपरेशनच्या वेळी प्रिंगल करतात, म्हणजे लिव्हरकडे जाणारं रक्त चिमट्याने बंद (पद्धत १९०८ सालची), बऱ्याचदा १५ मिनिटं बंद ५ मिनिटं चालू असं, आणि पेशंटचं लिव्हर बहुधा आधीच फॅटी नाहीतर सिरॉसिसवालं. त्यात करक्युमिन तोंडाने घेतलं तर रक्तात पोचतं जेमतेम.

अवलिया७: पण सिलिबिनिन (सिलिमारिनमधला मुख्य घटक) शिरेतून देतात ना?

खलबत्ता: ते अमानिता या विषारी मशरूमच्या विषबाधेत, तिथे ते विषाला पेशीत शिरू देत नाही, वेगळं प्रकरण.

रात्रपाळी: एक स्लाइड उलट बाजूचीही टाक. शोषण वाढावं म्हणून पिपेरिन (मिरीतलं) घातलेल्या हळदीच्या गोळ्या, ग्रीन टीचा अर्क, यांनीच लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत.

अवलिया७: बापरे, मग 'लिव्हर वाचवणारी निसर्गाची देणगी' हे टायटल आधी उडवतो 😅