साउथ केन्सिंग्टन: एका शनिवारात काय काय?

प्रेषक: मेघना (हॅरो)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा नाशिकहून आलेत. येत्या शनिवारी त्यांना आणि लेकीला (वय ९) घेऊन लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला जायचं ठरतंय. बाबांना म्युझियम्स बघायचीत, लेकीला डायनासोर आणि आईला हॅरॉड्सचं महागडं दुकान, कारण शेजारच्या वहिनींनी तिथला फोटो मागितलाय. आईचे गुडघे दुखतात. तिन्ही म्युझियम्स (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणजे व्ही अँड ए, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स), अल्बर्ट हॉलचं सभागृह आणि हॅरॉड्स एका दिवसात होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

मेघना

---

प्रेषक: वसंतकाका (ईलिंग)

मेघना,

होणार नाही. ओढून-ताणून केलंस तर रात्री आईचे पाय चेपत बसशील. २००१ पासून तिन्हींना तिकीट नाही, म्हणून तिन्ही उरकायची ही आपल्या लोकांची खोड. एकच नीट बघा. माझं मत व्ही अँड ए.

बाबांना आधी हे सांग, की हा सगळा पसारा एका प्रदर्शनाच्या नफ्यातून उभा राहिला. १८५१ मध्ये हाइड पार्कात काचेच्या महालात जगभरचा माल मांडला होता, आपला कोहिनूरसुद्धा. खर्च वजा जाता १,८६,००० पौंड उरले. त्या जोरावर व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याने, अल्बर्टने, पार्काच्या दक्षिणेची ८७ एकर जमीन घ्यायला लावली. तेव्हा या बाजूला भाजीचे मळे होते. आज तिथली घरं बघून खरं वाटत नाही.

आता मुंबईकरांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुलं झालं, तेच मुळी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' या नावाने. लंडनच्या म्युझियमला हे नाव मिळालं १८९९ मध्ये. तोवर ते साउथ केन्सिंग्टन म्युझियम होतं. म्हणजे नावापुरतं का होईना, भायखळा थोरलं.

माणसांचीही ये-जा होती. लंडनच्या म्युझियमच्या मधल्या चौकातल्या लाल इमारतीवर भाजलेल्या मातीचं जे नक्षीकाम आहे, त्यावर लॉकवुड किपलिंग नावाचा तरुण कारागीर राबत होता. १८६५ मध्ये तो मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकवायला गेला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शिल्पं त्याचीच. (तिथे आंब्याच्या पेट्या उचलताना मान वर करून कोण बघतो म्हणा.) मग जे. जे.चेच जॉन ग्रिफिथ्स. १८७२ पासून तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन ते अजिंठ्याला जात राहिले आणि लेण्यांतल्या चित्रांच्या मोठाल्या प्रती करून लंडनला पाठवत राहिले. बऱ्याच प्रती इथल्या आगीत जळाल्या, उरलेल्या व्ही अँड एकडे आहेत. पण बहुतेक गोदामात. माझी जुनी तक्रार आहे ही. पेस्तनजी बोमनजींसारख्या पोरांनी अंधारात बसून केलेलं काम आहे, निदान एक भिंत तरी कायमची द्या!

टिपूचा लाकडी वाघ आणि रणजितसिंहांचं सोन्याच्या पत्र्याने मढवलेलं आसन बघायचं असेल तर दालन उघडं आहे का, ते आधी संकेतस्थळावर बघून घे. नसलं तरी 'कास्ट कोर्ट्स', म्हणजे प्लास्टरच्या प्रतींची दालनं, चुकवू नका. रोमचा ट्राजनचा स्तंभ प्लास्टरमध्ये, छतात मावेना म्हणून दोन तुकडे करून ठेवलाय. मिकेलँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याची प्रतही तिथेच. राणी आली की त्याची अब्रू झाकायला टांगायचं प्लास्टरचं पान त्याच्याच मागे काचेच्या पेटीत ठेवलंय. आईला मुद्दाम दाखव.

चहा आतल्या गॅम्बल रूममध्येच घ्या. म्युझियममध्ये उपाहारगृह काढायची कल्पना जगात पहिल्यांदा इथेच राबवली गेली. चहा यथातथा असतो, पण खांबांवरच्या टाइल्स बघत बसावं.

वसंतकाका

---

प्रेषक: शलाका (हौन्स्लो)

काका, तुमचं सगळं पटलं, पण नऊ वर्षांच्या मुलीला प्लास्टरचा खांब दाखवून बघा, दहाव्या मिनिटाला भूक लागते!

मेघना, सरळ दोन तुकड्या कर. आजोबा-आजी व्ही अँड एमध्ये, तू आणि लेक रस्त्यापलीकडे नॅचरल हिस्टरीमध्ये. फुकट असलं तरी वेळ आधी बुक कर आणि दहाला दारात हजर राहा. अकरानंतर डायनासोरांपेक्षा बाबागाड्या जास्त दिसतात. मधल्या दालनात निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांब सांगाडा टांगलाय, त्याच्याखाली उभं राहा. लेकीला इमारतीवरचे प्राणी शोधायला लाव. १८८१ ची इमारत, वास्तुकार वॉटरहाउसने एका बाजूला नामशेष झालेले प्राणी कोरून घेतलेत, दुसऱ्या बाजूला हयात. खांबांवर माकडंही चढतात. आमची दोघं यात तासभर गुंतली होती.

हॅरॉड्सचं म्हणाल तर तळमजल्यावरचे फूड हॉल बघा. मांस-मासळीच्या दालनातल्या जुन्या टाइल्स सुंदर आहेत. आई शाकाहारी असतील तर नजर वरच ठेवायला सांग. मग सरकत्या जिन्यावर फोटो. १८९८ मध्ये त्यांनी पहिला सरकता पट्टा बसवला, तेव्हा वर पोचलेल्या घाबरलेल्या गिऱ्हाइकांना ब्रँडी देत म्हणे. आता नुसतं बिल बघूनच लागेल. खरेदी करू नका. हिरवी पिशवी हवीच असेल तर चहाचा डबा घ्या, वहिनी खूश.

खरी खरेदी जवळच्या चेल्सीतल्या चॅरिटी शॉप्समध्ये, म्हणजे दान आलेल्या वस्तूंच्या दुकानांत. ओल्ड चर्च स्ट्रीटवरच्या रेड क्रॉसच्या दुकानात आसपासच्या श्रीमंतांनी एकदाच घातलेले कोट येतात. लोकरीचा कोट असाच मिळालाय मला. किंग्ज रोडवर मात्र पाय दुखवू नका. १९५५ मध्ये फॅशन डिझायनर मेरी क्वांटने तिथे 'बझार' हे दुकान काढलं, तेव्हा त्या रस्त्याचा दिमाख होता. आता बरीचशी दुकानं आपल्या मॉलमधलीच.

शलाका

---

प्रेषक: वसंतकाका (ईलिंग)

शलाकाची दोन तुकड्यांची युक्ती बरोबर. मी नातवंडांविना हिंडतो, हे विसरून लिहिलं.

गुडघ्यांसाठी: साउथ केन्सिंग्टन स्टेशनपासून हॅरॉड्सला चालू नका, १४ किंवा ७४ नंबरची बस घ्या. तिथून ९ किंवा ५२ ने अल्बर्ट हॉल. आत नाही गेलात तरी चालेल, पण आईला सांग, १९७४ मध्ये लताबाई इथे गायल्या होत्या. समोर बागेत अल्बर्टचं सोनेरी स्मारक आहे. त्याच्या एका कोपऱ्यावर आशिया खंडाचं प्रतीक म्हणून हत्ती बसवलाय. तिथल्या बाकांवर डबा खा.

वसंतकाका

---

प्रेषक: मेघना (हॅरो)

काका, शलाका, मनापासून आभार. सायन्स म्युझियम पुढच्या वेळी. बाबांनी भायखळ्याचा मुद्दा वहीत उतरवून घेतलाय. आई म्हणते, लताबाई गायल्या असतील तर हॅरॉड्स नंतर, आधी तो हॉल. म्हणजे बसचा क्रम उलटा करावा लागणार. काका, व्ही अँड एपासून थेट अल्बर्ट हॉलला एक्झिबिशन रोडने चालत गेलं तर चढ फार आहे का? थालीपीठं करतेय, कुणी येणार असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

मेघना