लग्नाला नेमकं काय लागायचं? संमती, पाद्री की आईबाप (पश्चिम युरोप)

जिज्ञासू: धर्माने प्रेमविवाह अडवले आणि पुढे निधर्मी कायद्याने मोकळीक दिली, असं सर्रास लिहिलं जातं. पश्चिम युरोपपुरतं हे खरं आहे का? पाद्री, साक्षीदार, आईवडिलांची परवानगी यांतलं काय केव्हा सक्तीचं झालं?

जुनीपानं: बरंचसं उलट आहे. बाराव्या शतकात चर्चचे कायदे संकलित करणाऱ्या ग्राशियनचं मत असं की संमतीने लग्न सुरू होतं, शरीरसंबंधाने पुरं होतं. धर्मशास्त्री पीटर लोम्बार्डला नुसती संमती पुरेशी वाटे, फक्त ती वर्तमानकाळात बोललेली हवी. पोप तिसरा अलेक्झांडर (११५९–११८१) याने मुख्यतः लोम्बार्डचंच धरलं.

मग सगळं क्रियापदावर येऊन ठेपलं. ‘मी तुला बायको करतो’, ‘मी तुला नवरा करते’ म्हटलं की तिथल्या तिथे लग्न लागलं. ‘करीन’ म्हटलं तर तो नुसता वाङ्निश्चय. पण त्यानंतर शरीरसंबंध आला की तेही लग्नच. पाद्री नको, साक्षीदार नको, बापाला विचारायला नको.

घोळ व्हायचा तो पुराव्याचा. एक म्हणे ‘करतो’ म्हणाला, दुसरा कानांवर हात ठेवी. आणि गुपचूप केलेलं पहिलं लग्न सिद्ध झालं, तर चारचौघांत लागलेलं दुसरं रद्द. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (चर्चची मोठी धर्मसभा) लग्नाची आगाऊ जाहीर घोषणा सक्तीची केली. मात्र घोषणा न करता केलेलं लग्न शिक्षेला पात्र होई, रद्द होत नसे. हा फरक अनेक पुस्तकांत निसटतो.

कलमदान: रद्द व्हायला लागलं ते १५६३च्या ट्रेंट परिषदेपासून (ही कॅथलिक चर्चची धर्मसभा): पॅरिशचा, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीचा, पाद्री आणि दोन-तीन साक्षीदार नसतील तर लग्नच नाही. फ्रेंच दरबाराला तिथे आईवडिलांची परवानगीही सक्तीची हवी होती, ती परिषदेने नाकारली. आईबापांचा कैवार घेतला राजसत्तेने. फ्रान्सच्या १५५६च्या हुकुमाने परवानगीविना लग्न करणाऱ्या तिशीखालच्या मुलाला आणि पंचविशीखालच्या मुलीला वारसा नाकारता येई. इंग्लंडच्या १७५३च्या कायद्याने जाहीर घोषणेऐवजी परवान्यावर लग्न करणाऱ्या २१ वर्षांखालच्यांना वडिलांची परवानगी लागू लागली. जोडपी सीमेपलीकडे ग्रेटना ग्रीन या स्कॉटिश गावी पळायची, कारण स्कॉटलंडात जुना संमतीचाच नियम चालू होता.

अर्धविराम: वरचं मान्य, पण संमती म्हणजे प्रेम नव्हे. धाकाने घेतलेली संमती चर्च रद्द करी खरी, पण धाक ‘खंबीर पुरुषालाही’ डगमगवेल इतका असावा लागे. सोळा वर्षांच्या मुलीने हे कसं सिद्ध करायचं?

शिवाय बाहेर पडायची वाट नव्हती. निधर्मी कायद्याचं खरं नवेपण मला तिथे दिसतं. फ्रान्सने १७९२मध्ये स्वभाव न जुळणं एवढ्या कारणावरही घटस्फोट दिला, १८१६मध्ये घटस्फोटच बंद केला, १८८४मध्ये परत आणला तो दोष सिद्ध करण्याच्या अटीवर. इंग्लंडात १८५७पासून नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे. बायकोला मात्र जोडीला क्रौर्य, परित्याग असं काही दाखवावं लागे. हा अन्याय १९२३पर्यंत टिकला. १९६९च्या कायद्याने ‘संसार कायमचा मोडला’ हा आधार आणला, आणि हीच शिफारस कँटरबरीच्या आर्चबिशपने (इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू) नेमलेल्या गटाने १९६६मध्ये केली होती.

जिज्ञासू: ट्रेंटचा नियम सगळीकडे एकदमच लागू झाला का?

कलमदान: नाही. ज्या पॅरिशमध्ये तो जाहीर झाला, तिथे त्यानंतर तीस दिवसांनी. त्यामुळे जुनं लग्न वैध होतं का हे तपासताना आधी त्या पॅरिशमध्ये हुकूम कधी जाहीर झाला ते शोधा.