रविवारच्या हिब्रू वर्गातील शिक्षकांविषयी माहिती हवी आहे

सप्रेम नमस्कार. माझी आजी ठाण्याच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषक ज्यू समाजातल्या, कुटुंबातली. सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) रविवारच्या हिब्रू वर्गातील तिची वही माझ्याकडे आहे, आणि तिच्यात उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरीत उच्चार दिला आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक मुंबईत आले, जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनीही हिब्रू शिकवले, एवढे ज्ञात आहे. परंतु आजीला शिकवणाऱ्यांत रेल्वेतले एक कारकून आणि एक परिचारिका होत्या, त्यांच्याविषयी कुठेच नोंद सापडत नाही. आपल्या घरातील कुणी १९५० ते १९७० च्या दरम्यान मुंबई, ठाणे, पुणे किंवा अलिबाग येथे असे वर्ग घेतले असल्यास, त्यांचा मूळ व्यवसाय कोणता होता आणि ते स्वतः हिब्रू कुणाकडून शिकले, हे कृपया कळवाल का?