भरदुपारी पिवळट-तपकिरी झालेल्या आभाळाला काय म्हणाल?

१३ मे २०२४, सोमवार. ऐरोलीत चौथ्या मजल्यावर बिलं जुळवत बसले होते. कागदावरचे आकडे दिसेनात म्हणून वर पाहिलं, तर खिडकीबाहेर ना खाडी, ना पूल. नुसतं पिवळट-तपकिरी आभाळ, पार खालपर्यंत उतरलेलं. चहाच्या मावशी आत येत म्हणाल्या, "ताई, आधी खिडकी लावा. आभाळ गढूळलंय." जरा वेळाने त्यांनी टेबलावरचा ट्रे उचलला, तर खाली लख्ख चौकोन आणि भोवती सगळी धूळ.

त्याच वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेली, त्यामुळे तो दिवस कुणी विसरणार नाही. पण त्या रंगाला शब्द कुठला? तांबडं फुटणं, संधिप्रकाश, तिन्हीसांज हे सगळे दिवसाच्या दोन टोकांचे शब्द. झाकोळ आणि मळभ यांतून उजेड गेल्याचं कळतं, रंग कळत नाही. आणि 'पिवळंजर्द' म्हटलं की हळद डोळ्यांपुढे येते.

प्रतिसाद : संस्कृतात 'दिग्दाह' आहे, दिशा पेटल्यासारख्या दिसणं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर वेगळा अध्यायच आहे. पिवळा दिग्दाह राजाला भयकारक, अग्नीच्या रंगाचा देशाला घातक, असा रंगांवरून भेद केला आहे. म्हणजे पिवळा रंगही त्यात बसतो. पण शब्द अपशकुनाचा आहे. ठाण्याच्या लोकलमध्ये "आज काय दिग्दाह होता!" असं कोण म्हणेल?

प्रतिसाद : मातकट! तुमचा शब्द हाच. 'पिवळसर'मध्ये नुसती छटा असते, 'पिवळट' म्हटलं की रंग उतरल्याची, थोडी नावडती भावना येते. 'कट' त्याहून पुढे जातो : तेलकट, मळकट, धुरकट. मूळ वस्तूला दुसरं काहीतरी लागलंय, हे त्यात येतं. त्या दिवशी आभाळाला मातीच लागली होती. मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे धूळ निळा उजेड जास्त शोषते, उरतो तो पिवळा-तपकिरी. हिवाळ्यात पारसिकचा डोंगर पुसट दिसतो तेव्हाचं आभाळ धुरकट, हे मातकट. दोन्हींत गल्लत नको.

प्रतिसाद : मातकट विशेषण म्हणून चोख आहे, पण आभाळ मातकट 'होतं' म्हणावं लागतं. मराठी आभाळाला क्रियापदं शोभतात : झाकोळतं, तांबारतं, काळवंडतं, कोंदतं. त्या ओळीत मावशींचं 'गढूळलं' थेट जाऊन बसतं. रंग आहे, हालचाल आहे, आणि खालचं वर ढवळून आल्याचंही आहे.

धागा माझाच, म्हणून सांगते : मातकट वहीत लिहून घेतला, पण मन गढूळण्यावर बसलंय. गढूळ तर पाण्याला म्हणतात, म्हणून काल मावशींना मुद्दाम विचारलं. त्या जुन्नरकडच्या. कप विसळता विसळता म्हणाल्या, "पहिल्या पावसात ओढ्याला येतं ना ताई, तसलं पाणी वर दिसलं मला."